संगणक विभागातले लाल बटण मीच दाबले

दिनांक १२ जून १९८४, मंगळवार. वेळ दुपारी २ वाजून १० मिनिटे. ठिकाण नाशिक.

नाव सौ. सुमन धोंडीराम गांगुर्डे. वय ३९ वर्षे. धर्म बौद्ध. शिक्षण बी.ए., नोकरी करून बाहेरून. धंदा नोकरी, विद्यापीठाचा संगणक विभाग, नाशिक. राहणार सातपूर कॉलनी.

समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

हा जबाब लिहून घेणारे हवालदार यादव खैरनार, शेजारच्या टेबलावरचे शिपाई आणि पुढे हा कागद ज्यांच्यासमोर जाईल ते सगळे नोकरदार, तुमची आणि माझी एक तक्रार सारखी आहे. आपल्याकडून खुर्चीचे काम करून घेतात आणि बसायला दुसऱ्याला आणतात. हवालदार खैरनार तीन वर्षे जमादाराचे काम बघतात, दंडावरच्या फिती मात्र हवालदाराच्याच आहेत. हे वाक्य लिहायची पद्धत नाही असे ते म्हणाले. मी म्हटले, "भाऊ, खोटे असेल तर खोडा." त्यांनी खोडले नाही.

मी २ ऑगस्ट १९७१ रोजी पंच ऑपरेटर म्हणून, म्हणजे कार्डांना भोके पाडायला, लागले. १९७६ साली पर्यवेक्षक झाले. १ ऑक्टोबर १९८१ रोजी आमचे प्रमुख मुंबईला मोठ्या पगारावर गेले. त्या दिवसापासून २१ मे १९८४ पर्यंत मी विभागाची प्रभारी प्रमुख होते. म्हणजे दोन वर्षे सात महिने. या काळात प्रत्येक पत्रावर मी "प्रमुखांकरिता" अशी सही केली. ते प्रमुख कोण, असे एकाही कॉलेजने कधी विचारले नाही. परीक्षांचे पाच हंगाम झाले. एकही निकाल एक दिवससुद्धा उशिरा गेला नाही. माझ्या हाताखाली आठ बायका आणि चार पुरुष आहेत. यंत्र बंद पडले तर ते उघडून दुरुस्त करणारी साळूबाई आमच्याकडे झाडलोटीला लागली होती. तिला मी शिकवले. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, नोंद म्हणून सांगते. बढाई वाटली तरी हरकत नाही.

२१ मे रोजी श्री. जयराम देवरे यांची तात्पुरते प्रमुख म्हणून नेमणूक झाली. ते एका खत कारखान्याच्या संगणक कक्षातून आले. कायम प्रमुखाच्या जागेसाठी गुरुवारी, १४ जूनला मुलाखती आहेत. उमेदवार दोन आहेत, श्री. देवरे आणि मी. माझ्यावर गुन्हा नोंदला गेला तर उमेदवार एक राहील. श्री. देवरे यांच्या तक्रारीत मी मत्सरापोटी यंत्राची नासधूस केली असे लिहिले आहे. ती मला वाचून दाखवली. त्यावर माझे म्हणणे असे.

आमचे काम कार्डांवर चालते. कार्ड म्हणजे पोस्टकार्डापेक्षा थोडा लांब, जाड कागद. त्याला भोके पाडून विद्यार्थ्याचे मार्क नोंदवतात आणि यंत्र ती भोके वाचते. एका विद्यार्थ्याची दोन कार्डे असतात. पहिल्यावर बैठक क्रमांक, नाव आणि काही विषय. दुसऱ्यावर उरलेले विषय. दुसऱ्या कार्डावर बैठक क्रमांक नाही. ते पहिल्याच्या पाठीमागे असते, एवढीच त्याची ओळख. ही रचना १९७८ साली जागा वाचावी म्हणून मीच केली. आमच्या हातून कार्ड पडणार नाही अशी मला घमेंड होती. ती चूक माझी आहे. तशी लिहावी.

पण त्यासाठी आम्ही एक रीत पाळतो. ट्रे भरला की कार्डांच्या गठ्ठ्याच्या वरच्या कडेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत शाईने तिरपी रेघ ओढायची. एक कार्ड जागचे हलले तरी रेघ तुटलेली दिसते. प्रत्येकीची शाई वेगळी असते. आमच्यातल्या लताबाईंची जांभळी, साळूबाईंची हिरवी, माझी लाल. श्री. देवरे यांनी पहिल्या दिवशी ट्रे पाहून विचारले, "हे काय, हळदीकुंकवाचं सामान आहे का?" लताबाई म्हणाल्या, "नाही साहेब, कुलूप आहे." ते हसले. आम्हीही हसलो. समजावून सांगायला हवे होते. सांगितले नाही.

आणखी एक गोष्ट या जागी सांगणे भाग आहे. १९७९ च्या निकालात एका मुलीचे मार्क दुसऱ्याच बैठक क्रमांकापुढे गेले आणि ती नापास छापली गेली. दुरुस्तीचे पत्र नऊ दिवसांनी निघाले. ते पत्र परत आले. पाकिटावर पोस्टमनने काय शेरा लिहिला होता तो मला विचारू नये. त्यानंतर मी यंत्राच्या खोलीत, यंत्र एकदम बंद करणाऱ्या लाल बटणाच्या वर पाटी रंगवून घेतली: "धूर, पाणी किंवा चूक दिसल्यास बटण दाबावे. परवानगीची वाट पाहू नये." पाटीला त्या वेळच्या प्रमुखांची लेखी मंजुरी आहे. पाटी आजही भिंतीवर आहे.

आज सकाळी ९ वाजून ५० मिनिटांनी श्री. देवरे यांनी प्रथम वर्ष कला शाखेच्या निकालाची छपाई सुरू केली. ट्रे त्यांनी काल संध्याकाळी आम्ही घरी गेल्यावर स्वतःच यंत्राच्या खोलीत नेले होते. मी माझ्या टेबलावर होते. छापलेली पाने फाडून गठ्ठे बांधण्याचे काम लताबाईंकडे होते. निफाडच्या कॉलेजचा गठ्ठा झाला, कळवणचा होत आला. १० वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास लताबाई एका पानाची कार्बन प्रत घेऊन माझ्याकडे आल्या.

त्या म्हणाल्या, "बाई, कळवणला मानसशास्त्र कधीपासून शिकवायला लागले?"

मी म्हटले, "शिकवत नाहीत."

"मग ही सतरा पोरं कशात पास झाली?"

मी पान पाहिले. कळवणच्या सतरा विद्यार्थ्यांपुढे मानसशास्त्राचे मार्क छापले होते. एकाला चौसष्ट. त्या कॉलेजात तो विषय नाही आणि शिकवायला माणूसही नाही. मी यंत्राच्या खोलीत गेले आणि ट्रे पाहिले. जांभळीत हिरवी, हिरवीत लाल. एकही रेघ सलग नव्हती. दाराशी आमचे शिपाई झिपरू उभे होते. त्यांचे वय पन्नासच्या पुढे आहे आणि ते माझ्याशी कधी खोटे बोललेले नाहीत. ते हळूच म्हणाले, "बाई, काल साहेबांच्या हातनं तीन ट्रे एकदम खाली आलं. उंबऱ्यावर ढकलगाडी अडली. मला म्हनले, कुनाला बोलू नको, यंत्र लावंल सरळ."

यंत्राने लावायचा प्रयत्न केला हे खरे. ज्या कार्डांवर क्रमांक आहे ती यंत्राने क्रमाने लावली. ज्यांवर नाही ती सगळी एका बाजूला टाकली. श्री. देवरे यांनी ती आली तशी मध्ये मध्ये घातली. त्यांच्या कारखान्यात प्रत्येक कार्डावर क्रमांक असे. आमच्याकडेही असेल असे ते धरून चालले. कामाचा माणूस आहे, पण ज्या घरात आला त्या घराला विचारले नाही.

मी त्यांना म्हटले, "साहेब, छपाई थांबवा. कार्डे मिसळली आहेत."

ते म्हणाले, "गांगुर्डेबाई, रजिस्ट्रारसाहेबांना दुपारी दोनला निकाल हवा आहे. किरकोळ चुका नंतर दुरुस्त होतील."

मी म्हटले, "हा निकाल नाही साहेब, ही लॉटरीची सोडत आहे."

ते म्हणाले, "तुमची परवा मुलाखत आहे ना? मग दोन दिवस गप्प बसा. त्यात तुमचंच भलं आहे."

त्यांच्या या बोलण्याला साक्षीदार लताबाई, साळूबाई आणि झिपरू आहेत.

मी गप्प बसले नाही. बारा वर्षे दहा महिने मी या विभागात आहे. पहिल्या वर्षी मला पाण्याचा वेगळा पेला दाखवणारे लोक पुढे माझ्याकडे हिशेब तपासायला येत. त्यांच्यापुढे मी गप्प बसले नव्हते. सातपूरच्या कामगारांच्या सभेत मी दर महिन्याला सांगते की ज्याला चूक दिसते आणि जो हात खिशात ठेवतो, तो त्या चुकीचा भागीदार असतो. सभेत एक आणि खोलीत दुसरे, असे मला जमत नाही. १० वाजून ४२ मिनिटांनी मी लाल बटण दाबले. डाव्या हाताने. उजव्या हातात कळवणचे पान होते.

यंत्र ओळ छापता छापता थांबले. मग श्री. देवरे म्हणाले, "तुम्ही काय केलंत ते कळतंय का तुम्हाला?" मी म्हटले, "पाटी वाचा." त्यांनी ११ वाजून १५ मिनिटांनी या ठाण्याला फोन केला. ११ वाजून ४० मिनिटांनी मला इथे आणले. मला कोणी हात लावला नाही. मी चालत जीपमध्ये बसले.

नासधुशीबद्दल विचारल्यावरून सांगते की, लाल बटणाने यंत्र मोडत नाही, त्यासाठीच ते बसवलेले आहे. चालू करायला वीस मिनिटे लागतात. मत्सराबद्दल विचारल्यावरून सांगते की, मला ती जागा हवी आहे. मनापासून हवी आहे आणि ती माझी आहे असे मला वाटते. पण श्री. देवरे यांना पाडायचे असते तर मी बटण दाबले नसते. निकाल जाऊ दिला असता. गुरुवारपर्यंत सगळ्या जिल्ह्याने त्यांच्या नावाने बोटे मोडली असती आणि माझी मुलाखत मुकाट पार पडली असती. हवालदारांनी पेन खाली ठेवून माझ्याकडे पाहिले. नंतर हे लिहिले.

जबाब चालू असताना ३ वाजून २० मिनिटांनी झिपरू ठाण्यात आले. हवालदारांच्या परवानगीने ते माझ्याशी बोलले. ते बोलणे असे.

"बाई, लागली समदी कार्डं. तीन हजार सहाशे."

मी विचारले, "कोणी लावली?"

"तुमच्याच बायकांनी. तुमाला गाडीत घातलं आन् लताबाई म्हनली, आता रडायचं नाय, रंग येगळे करा. पाच जनी भुईवर बसल्या. आधी रंगाचे ढीग, मंग रेघ जुळवायची, मंग वहीशी ताडायचं. कुनी डबा बी नाय उघडला. साळूबाईनं यंत्र चालू केलं, चांगलं फिरतंय."

"आणि देवरेसाहेब?"

"आधी लय तनतनले. मंग बघत उभे ऱ्हायले. मंग बूट काढून खाली बसले. लताबाईनं त्यांच्या हातात लाल ढीग दिला, तुमचा. म्हनली, सांभाळून धरा साहेब, ह्यो परत पडू देऊ नका."

मी तिथे नव्हते. मी हुकूम दिला नव्हता. मला विचारायलाही कोणी आले नाही. दोन वर्षे सात महिने मी प्रमुख होते की नव्हते याचा पुरावा मुलाखतीच्या समितीला हवा असेल तर त्यांनी हा परिच्छेद वाचावा.

परंतु झिपरू यांनी पुढे असेही सांगितले की, बटण दाबण्यापूर्वी छापून झालेले निफाड आणि कळवण या दोन कॉलेजांचे गठ्ठे, बायका कार्डे लावत असताना, रजिस्ट्रार कार्यालयाचा माणूस उचलून घेऊन गेला आणि दुपारी एक वाजता ते तिथून एस.टी. स्टँडच्या पार्सल खिडकीवर गेले आहेत. श्री. देवरे यांनी स्वतः फोन करून ते परत मागवण्याची विनंती केली. त्यांना उत्तर मिळाले की, रवाना झालेला निकाल समितीच्या ठरावाशिवाय मागे घेता येत नाही, आणि समिती शनिवारी बसेल. पार्सलची पावती रजिस्ट्रार कार्यालयात आहे. पावतीवाचून स्टँडवरचा कारकून गठ्ठा देत नाही. ते त्याचे बरोबर आहे. कळवणची गाडी साडेचारला आणि निफाडची पाचला सुटते. दोन्ही कॉलेजांत निकाल उद्या सकाळी दहाला फळ्यावर लागेल. एकूण विद्यार्थी दोनशे एकोणनव्वद. त्यातली कोणती मुले खरी पास आणि कोणती खोटी नापास, हे आज फक्त लताबाईंनी पुन्हा लावून घेतलेल्या ट्रेंना माहीत आहे.

हा जबाब हवालदार खैरनार यांनी मला अथपासून इतिपर्यंत मोठ्याने वाचून दाखवला. मी बोलले तेच त्यात आहे, मराठीत आहे, आणि कोणी दमदाटी करून बोलवून घेतलेले नाही. एका ठिकाणी "बटण चुकून दाबले गेले" असे माझ्या भल्यासाठी लिहिले होते. ते खोडून "जाणूनबुजून दाबले" असे करायला लावले आहे. खोडाखोडीवर माझी सही आहे.

आता चार वाजायला पाच मिनिटे कमी आहेत. माझ्यावर गुन्हा नोंदवायचा की नाही ते ठाण्याचे साहेब आल्यावर ठरवा. मी या बाकावरून हलत नाही. पण हवालदार भाऊ, पावती मागायचा नियम तुम्हाला लागू नाही, तुम्ही पंचनामा करून गठ्ठा ताब्यात घेऊ शकता. माझी सही वाळायची वाट पाहू नका. टोपी घाला, स्टँडवर जा आणि कळवण-निफाडचे ते दोन गठ्ठे गाडीत चढू देऊ नका.

(सही) सुमन धोंडीराम गांगुर्डे