गिळायचा नाही असा घोट

(खोपोली, १९७९. शिळफाट्यामागच्या वस्तीत गजाच्या घराची ओटी. दिवेलागण.)

मोतीबाई : परत आल्यावर फोरमन! ही बाब तुमी सगळ्यात शेवटाला सांगता व्हय? म्हंजे मिळकत बघा किती. दीड महिना इटली. इमानात बसायचं. हितला पगार चालूच. मशीन शिकायचं, आन दर रयवारी साहेबाच्या भावाच्या मोटारीत बसून द्राक्षांचे डोंगर बघत, वाईन चाखत हिंडायचं. वर फोरमन. येवढं सगळं एकाच मानसाला?

गजा : एकाच. आन तो मानूस मी नाय, चंदर हाय.

मोतीबाई : तुमी काय कमी केलंत? कारखान्यातल्या त्या इटलीवाल्या बेर्तोसाहेबाला चिंबोऱ्यांचं कालवण कोन पोचवत होतं? मी. साहेब मिरचीनं रडायचा, पन डबा चाटून पाठवायचा.

गजा : कालवणाचं सोड गं. आपली भाताची खाचरं कारखान्यात गेली, त्यावर आज त्यांचा बॉयलर उभा हाय. मी लागलो तवा चंदर शाळंत पाटी पुसत होता. आज मशीन अडलं की हाक कोनाला मारतात? गजाला. आन इटलीला निघाला चंदर.

मोतीबाई : पन साहेबानं त्याला निवडलं कशावरनं?

गजा : थुंकला म्हनून.

मोतीबाई : आता गं बया! म्हंजे?

गजा : त्या रयवारी साहेबानं आमाला दोघांना बंगल्यावर बोलवलं नव्हतं का? व्हरांड्यात पाच बाटल्या मांडल्या. त्याच्या मुलखातल्या, त्याच्या परवान्यावरच्या. म्हनला, चाखा आन काय लागतं ते सांगा. आता आपल्यात वाढलेलं कोन टाकतं? मी पाचीच्या पाची ग्लास रिकामे केले. दर ग्लासाला म्हनलं, फस्क्लास, साहेब! चंदर काय करी, ग्लास नाकाला लावी, घोट तोंडात घोळवी, आन कर्दळीच्या वाफ्यात पच्चकन थुंकी. मी मनात म्हनलं, बरं झालं, आता साहेब याला गेटाभाईर काढतो.

मोतीबाई : मग?

गजा : मग साहेबानं उठून त्याला मिठी मारली! त्यांच्याकडं म्हने जानता मानूस असाच थुंकतो. चंदर शुद्धीवर, त्यानं सांगितलं, हिला करवंदाचा वास, तिला ओल्या गोणपाटाचा. साहेब म्हनला, ज्याला येवढं बारीक कळतं त्याला मशीनचा आवाजबी बारीक कळंल. हाच जानार.

मोतीबाई : आन तुमी?

गजा : मी चौथ्या ग्लासाला गवळण धरली होती.

मोतीबाई : ती तुमी घरापतूर धरून ठेवलीत. शेजारची सोनुबाई अजून मला इचारते, कुनाचं लगीन होतं म्हनून.

गजा : हस. तुला काय जातंय हसायला.

मोतीबाई : पन चंदरला हे थुंकायचं शिकवलं कोनी?

गजा : कोनी नाय. त्यांच्यात शपथ हाय. बुद्धाची दीक्षा घेतली तवापासून दारू प्यायची नाय. त्याचा बाप सखारामआबा, त्यांच्या वस्तीत पयल्यांदा शपथ घेनारा मानूस. परत येताना चंदर मला म्हनला, पोटात थेंब गेला नाय, शपथ मोडली नाय, आन साहेबाचं मनबी मोडलं नाय.

मोतीबाई : हुशार हाय पोरगा. ...अवो, तुमी काल सांजच्याला आबांच्या वस्तीवर कशाला गेलता?

गजा : पंप बघायला.

मोतीबाई : आबांच्या घरात पंप कवा बसला?

गजा : भेटले वाटंत, बोललो सहज. म्हनलं, पोराला दारूच्या मुलखात धाडताय, सवय तर त्यानं आत्ताच लावून घेतली हाय. येवढंच.

मोतीबाई : येवढंच! आन मशीनचं शिक्षण, फोरमनची जागा, थुंकला ते?

गजा : ते त्याचं त्यानं सांगावं. मी काय त्याचा वकील हाय?

मोतीबाई : वकील नाय, तुमी साक्षीदार झालात. न बोलावलेले. ...गप बसा, फाटक वाजलं.

चंदर : गजादादा, आहेस का? वहिनी, दिवा जरा इकडं सरकवता? नकाशा आणलाय.

मोतीबाई : या भावजी, बसा. हातात बाटली कसली?

चंदर : साहेबाची. अर्धी आहे. सांगतो. आधी हे बघ, दादा. हे तुरीन. इथं मशीनची फॅक्टरी. साहेबानं लाल पेन्सिलीनं रेघा मारल्यात, आम्ही दोघांनी मिळून ठरवलं होतं. पहिल्या रविवारी हे, आल्बा. पुढच्या रविवारी हे, बारोलो. डोंगराच्या उतारावर नुसते द्राक्षांचे वेल, आपल्या ठाकुरवाडीखालच्या उतारासारखा उतार. सप्टेंबरात तोडणी चालू असते. पहाटे धुकं असतं, म्हणतो. तिसऱ्या रविवारी आस्ती...

गजा : मला कशाला दावतोस रं? तू जा, तू हिंड. आमी हितं बॉयलरचा धूर बघू.

चंदर : ऐक तर. आस्तीची ती फेसाळ, गोड. तुला आवडली होती.

गजा : मला सगळ्याच आवडल्या. म्हनून तर हितं बसलोय.

चंदर : दादा, मी जात नाही. तू जायचंस.

गजा : ...काय म्हनलास?

मोतीबाई : भावजी, नीट सांगा. काय झालं?

चंदर : सकाळी आबा मला घेऊन साहेबाच्या बंगल्यावर गेले. धुतलेलं धोतर, पांढरी टोपी. साहेबासमोर उभे राहिले आणि मला म्हणाले, सांग याला, माझा मुलगा येणार नाही. साहेबाला मराठी येत नाही, आबांना इंग्रजी. दुभाष्या मीच.

मोतीबाई : तुमीच सांगितलंत? आपल्याच तोंडानं?

चंदर : आपल्याच तोंडानं. माय फादर सेज, हिज सन विल नॉट कम.

मोतीबाई : अवो, मग दुसरंच कायतरी सांगायचं! आबांना कुठं कळनार होतं?

चंदर : सुचलं होतं, वहिनी. फादर सेज थँक यू, इतकंच म्हणायचं होतं. पण आबा साहेबाकडं बघतच नव्हते. माझ्या तोंडाकडं बघत होते.

गजा : साहेब काय बोलला?

चंदर : म्हणाला, हा गिळत नाही, मी स्वतः बघितलंय. मी तेही आबांना सांगितलं. आबा म्हणाले, आज थुंकतोय. दीड महिना रोज थुंकेल? एक दिवस थकेल, आणि त्या दिवशी मी तिथं नसेन. मग म्हणाले, आमच्या वस्तीतली माणसं गुत्त्यावर पडलेली असायची, ती मी एकेक करून उठवली. आता माझाच मुलगा घोट तोंडात धरून हिंडला तर मी कुणाला काय सांगू? हे मात्र मला इंग्रजीत सांगता आलं नाही.

मोतीबाई : मग?

चंदर : साहेब समजला बहुतेक. उठून उभा राहिला, आबांचा हात धरला. ते गेल्यावर म्हणाला, मग पुण्याच्या ऑफिसातला माणूस घेतो. मी म्हटलं, खात्यात गजाएवढा हात कुणाचा नाही. साहेब हसला. म्हणाला, तो गाणारा?

मोतीबाई : बघा! तुमची कीर्ती.

चंदर : मी म्हटलं, येत्या रविवारी परत बोलवा, बघा. म्हणून ही बाटली दिली त्यानं, तुला शिकवायला. वहिनी, एक ग्लास आणि एक रिकामं भांडं द्या. घे, दादा. आधी वास घे. मग थोडीच, जिभेवर.

गजा : तू दाखव ना आधी.

चंदर : मी आबांना शब्द दिलाय. आता तोंडातसुद्धा नाही. तू घे.

गजा : ...फस्क्लास हाय.

चंदर : गिळलंस! आणि फस्क्लास म्हणजे काही नाही. काय लागलं?

गजा : वाईनसारखी लागली.

मोतीबाई : बघू हिकडं. ...शी! जांभळाची बी चावल्यावानी. जिभेला सुरकुती पडली.

चंदर : बरोब्बर! साहेब अगदी हेच म्हणाला होता. वहिनी, इटलीला तुम्हालाच धाडायला पाहिजे.

मोतीबाई : मला कोन धाडतंय? भाकऱ्या कोन थापंल? ह्यास्नीच शिकवा.

चंदर : परत घे, दादा. तोंडात फिरव. आता थुंक. थुंक की!

गजा : जमत नाय रं. दुसऱ्यानं दिलेलं तोंडातनं भाईर काढायचं म्हंजे...

चंदर : जमव. ...हां. आता सांग.

गजा : तुरट हाय. मागनं थोडं... भिजल्या लाकडागत.

चंदर : आणि शेवटी? अजून आहे का तोंडात? नीट सांग, दादा. गेली का राहिलीय?

गजा : राहिलीय. तू येवढं काय इचारतोस?

चंदर : मला आता विचारूनच घ्यायचंय. तिथं गेल्यावर तू बघशील ते सगळं. तो धुक्याचा उतार. मला वाटलं नव्हतं, मला इतकं टोचेल.

गजा : चंदर...

चंदर : एक अट आहे. मशीनचा एकूण एक बोल्ट शिकून ये, आणि मला शिकव. लपवून ठेवायचं नाही.

गजा : नाय ठेवनार. देवाशप्पत.

चंदर : देवाची नको. आणि एक. आबांना कुणी सांगितलं, ते मी त्यांना विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. व्हरांड्यात आपण तिघं होतो, आणि साहेबाला मराठी येत नाही.

गजा : चंदर, ऐक माझं...

चंदर : नको. बोलू नकोस. नकाशा राहू दे तुझ्याकडं. वहिनी, निघतो.

मोतीबाई : भावजी, च्या तरी...

चंदर : पुन्हा कधीतरी, वहिनी.

मोतीबाई : ...गेला. येवढ्या अंधारात आपला कंदीलबी नेला नाय. चला, हात धुवा, पान वाढते.

गजा : वाढलंस तेवढं पुरं. बोटं कसली मोजतेस?

मोतीबाई : मी हिशेब करतेय. इमानाचं भाडं कारखान्याचं. मोटार साहेबाच्या भावाची. शब्द टाकला चंदरनं, शिकवलं चंदरनं. आबांच्या पुढ्यात खाली मान घातली तीबी त्यानंच. आपलं कायबी गेलं नाय, सगळं त्यानं भरलं. मग तुमच्या हातानं भाकर का मोडत नाय?