घाई असल तर…

येवल्याच्या एस्टीत सावळीराम डोळे मिटून, कान उघडे ठेवून बसले होते. पुढच्या सीटवर पैठणी विणणाऱ्या लंकाबाई आणि त्यांची भाची पूजा.

"मावशी, विणकर सोसायटीच्या व्हिडिओत काय बोललीस! 'पैठणीला चार महिने लागतात, घाई असल तर दुसरीकडं जा.' गिऱ्हाइकाला असं बोलतात?"

"तोंडातून गेलं गं. चेअरमन कामावरून काढतात का काय?"

"काढतात कशाला! दोन लाख लोकांनी पाहिला. बायका म्हणतात, सहा महिने थांबू, पण ह्याच मावशींच्या हातची पाहिजे."

"अगंबाई!"

"चेअरमनना आता दुसरा व्हिडिओ पाहिजे. आजच्या आज."

"आधी माझा पदर विणून होऊ दे. घाई असल तर दुसरीकडं जा म्हणावं!"

"झालं!" पूजाने दोघींसमोर धरलेला मोबाइल खाली घेतला. "हाच व्हिडिओ पाठवते. मागचे झोपलेले आजोबा तेवढे कापते."

सावळीरामांनी चटकन डोळे उघडले आणि केसांवरून हात फिरवला.