बोंग आजोबांची तोफ

...आणि वर मलाच विचारतात, 'प्योबाई, खेळायला ग्रंथालय कशाला लागतं हो?' कशाला लागतं? अहो, जानेवारीत बंदरावरच्या त्या उघड्या मंडपात जाऊन बसा ना जरा! समुद्रावरून वारा असा येतो, की जांगीचा, म्हणजे आमच्या कोरियन बुद्धिबळाचा, पट मांडेपर्यंत आपली बोटं कुठली आणि लाकडी सोंगट्या कुठल्या तेच कळत नाही! आणि तिथे आमचे म्हातारे बसायचे, कोणी पंचाहत्तरचा, कोणी ब्याऐंशीचा, नाकं लालभडक, पण डोळे पटावर. मला बघवेना हो! मी म्हटलं, महिन्याच्या शेवटच्या शनिवारी तळमजल्यावरच्या हॉलमध्ये खेळदिवस करू. पट आमचे, सोंगट्या आमच्या, जवाचा गरम चहा आमचा. एवढंच म्हटलं होतं, तुम्हाला सांगते, एवढंच!

तर आमचे संचालक, मेंगसाहेब... माणूस वाईट नाही हो, पण तक्रारीला फार भितो! फोन वाजला तरी आधी उभा राहतो, मग उचलतो. मला म्हणतात कसे, (असं मान खाली घालून, चष्म्यावरून बघत) 'प्योबाई... तक्रार आली तर?'

मी म्हटलं, येऊ दे! मी बसलेय इथेच.

'म्हातारे ओरडतात हो खेळताना. एक जरी तक्रार आली ना, खेळदिवस बंद. कायमचा.'

आता त्यांचंही खोटं नव्हतं. आमच्याकडे वरच्या मजल्यावर परीक्षेवाली मंडळी बसतात ना! सरकारी नोकरीच्या परीक्षा. त्यात एक माँग सोह्यान म्हणून मुलगी आहे, तिसऱ्यांदा बसतेय बिचारी. कानात बोळे, कपाळाला आठ्या, आणि हातात पिवळ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा. शेजाऱ्याने पेन टिकटिकवलं, चिकटवली चिठ्ठी! 'कृपया पानं हळू उलटा.' चिकटवली! एकाच्या टेबलावर तर, खरं सांगते, 'तुम्ही नाकाने फार श्वास घेता.' अहो, मग त्याने कशाने घ्यायचा? आता हिच्या पायाखाली बावीस म्हातारे बसवायचे म्हणजे...

बसवले! हो, बसवले! दहा वाजता दार उघडलं तर रांग लागलेली. कोणी वाळवलेली पर्सिमनची फळं आणलीत, कोणी भाताचे गोळे. मी दारातच बजावलं, आजोबा, शह द्यायचा तो हळू आवाजात. सगळ्यांनी शहाण्या मुलांसारख्या माना डोलावल्या... आणि पाचव्या मिनिटाला, 'शऽऽह!' खिडकीच्या काचा थरथरल्या हो! मेंगसाहेब धावत आले, 'बाई, तक्रार आली तर?' मी म्हटलं, येऊ दे! मी बसलेय इथेच!

पण खरी चूक माझीच. जोड्या लावायला मी चिठ्ठ्या टाकल्या. पहिली चिठ्ठी उचलली, योम आजोबा, बोटीवर हयात गेलेला माणूस, हात म्हणजे वल्हीच. दुसरी उचलली, बोंग आजोबा, टपाल वाटायचे. मी मोठ्याने नावं वाचली आणि अख्खा हॉल एका सुरात, 'हाऽऽ...' मग मागून कुणीतरी माझ्या कानात, 'बाई, अहो काय केलंत! एकोणीस वर्षं बोलत नाहीत ते!' मी इथे बदलून येऊन तीन वर्षं झाली, मला कुठून कळणार? कशावरून? तर बोंगने एकदा चाल केली, हात उचलला, आणि मग म्हणाला, 'थांब, मागे घेतो.' योम म्हणाला, 'नाही घ्यायची.' संपलं! शेजारी शेजारी घरं, भिंतीला भिंत लागून, आणि एकोणीस वर्षं अवाक्षर नाही! एका चालीवरून!

मला वाटलं, उठतील. उठायला कोण तयार? आधी उठला तो हरला! बसले. आणि बोलायचं कसं? तर मध्ये मी!

'बाई, त्या गृहस्थांना सांगा, त्यांची पाळी.'

'बाई, त्या गृहस्थांना सांगा, आम्हाला दिसतंय.'

'बाई, त्यांना विचारा, दिसतंय तर झोपलेत का?'

अहो, एका हाताच्या अंतरावर बसलेत, आणि मी मान इकडे, मान तिकडे! दीड तास! मानेचं पार लाकूड झालं!

आणि मग ते झालं. बोंग आजोबांनी तोफेची सोंगटी उचलली. आता त्यांना मागच्या हिवाळ्यात अर्धांगाचा झटका येऊन गेलेला, उजवा हात कापतो. तोफ न्यायची होती एका घरात, हात थरथरला आणि टेकली शेजारच्या घरात. थेट योमच्या रथापुढे! चहा ओतणाऱ्या बाईचा कप भरून वाहायला लागला. बोंग आजोबा त्या तोफेकडे बघतायत, कानापर्यंत लाल. चाल मागे मागायची कुणाकडे? त्याच माणसाकडे?

योम आजोबांनी पटाकडे पाहिलं नाही हो. त्या हाताकडे पाहिलं. आणि मग माझ्याकडे न बघता, सरळ समोर बघून म्हणाले,

'घे मागे.'

एकोणीस वर्षांनी, तुम्हाला सांगते! माझ्या डोळ्यांत पाणी... मी पदर... म्हणजे स्वेटरची बाही लावतेय डोळ्यांना, आणि बोंग आजोबा काय म्हणाले असतील?

'नाही घेत!'

'अरे, घे म्हणतो ना!'

'दया नको मला तुझी! चाल झाली ती झाली!'

'हात कापला तुझा, गाढवा!'

'माझा हात, माझी तोफ! तू मार तिला!'

'नाही मारत! आधी मागे घे!'

आणि हे सगळं कसं? अख्ख्या बंदराला ऐकू जाईल असं! तेवढ्यात जिन्यावर पावलं. सोह्यान! हातात तो पिवळा गठ्ठा. मेंगसाहेबांनी भिंतीचा आधार घेतला. 'आली... तक्रार आली...'

मी आडवी उभी राहिले. म्हटलं, येऊ दे! मी बसलेय... उभी आहे इथेच! बाळ, तक्रार करायची तर माझी कर, यांचं नाव नाही घ्यायचं!

तर ती पोरगी कानातले बोळे काढून म्हणते, 'बाई, मी मघापासून वरूनच ऐकतेय, बोळ्यांतूनही. सांगा ना त्या आजोबांना, घ्या म्हणावं मागे! माझ्याने पुढे वाचवत नाहीये!' आणि साहेब, आमचे मेंगसाहेब, भिंत सोडून पटावर वाकले आणि म्हणतात, 'तसं... रथाने मारण्यापेक्षा हत्ती पुढे काढला तर?' दोन्ही म्हातारे एकदम, 'तुम्हाला कुणी विचारलं?' पहिल्यांदाच एकमत!

संध्याकाळी सहाला बंद करायची वेळ झाली, तरी तोफ तिथेच. हा मागे घेईना, तो मारीना. पट मोडायचा नाही, हात लावायचा नाही. शेवटी चौघांनी धरून, रुग्णाला नेतात तसा, तो पट माझ्या टेबलावर आणून ठेवला. तिथेच आहे, आज अकरावा दिवस. रोज दहाला दोघं येतात, एकत्र येतात बरं का, तासभर तोंडावर भांडतात, चहा पितात, 'उद्या बघतो तुला' म्हणून जातात. पुस्तक न्यायला येणारा प्रत्येक जण आधी पटावर वाकून मला चाल सुचवतो. मला! मला हा खेळ येतच नाही हो! पुस्तकं मी मांडीवर घेऊन नोंदवते, शिक्का खिडकीच्या कट्ट्यावर मारते.

काल वाटलं, पुरे झालं, चार दिवस रजा घ्यावी, बहिणीकडे जाऊन खालून तापवलेल्या गरम फरशीवर नुसतं पडून राहावं. कागद काढला, पेन काढलं...

आणि अर्ज लिहायला टेबल कुठंय?