गाळ्याचा ताबा

केस हरल्यावर माणूस घाबरतो म्हणतात, मी तर जिंकल्यावर लई घाबरलो. मुरुडला स्टँडजवळ माझा गाळा हाय. तो मी एका टेलरला भाड्यानं दिला होता. टेलर लातूरला गेला, अन् जाताना मला न विचारता चावी मेव्हण्याला देऊन गेला. मेव्हण्यानं तिथं भज्याचं हॉटेल टाकलं. निघ म्हणलं तर निघंना. शेवटी कोर्टाचा निकाल माझ्या बाजूनं लागला, तसं बेलीफ आणि एका पोलिसाला घेऊन मी ताबा घ्यायला गेलो.

आम्हाला बघताच मेव्हण्यानं शटर अर्धं खाली ओढलं आणि आतून ओरडला, "कुणी आत आलं तर सिलिंडर पेटवून देईन!" पाठोपाठ गॅसचा वास आला. गिऱ्हाइकं पळाली, पण त्याची बायको आतच राहिली. बेलीफसाहेब माझ्या पाठीमागं येऊन उभे राहिले. मी ओरडलो, "बाबा, गाळा तूच ठेव! पण तुझ्या बायकोला बाहेर सोड!"

तेवढ्यात शटरखालून वाकून त्याची बायकोच बाहेर आली. हॉटेलातल्या काडीपेट्या आणि लायटर तिनं पदरात गुंडाळून आणले होते.

"कॉक बंद केलाय. आता धरा त्यांना," ती पोलिसाला म्हणाली.

पोलीस आत घुसला आणि त्याला धरून घेऊन आला. माझा जीव अजून थाऱ्यावर नव्हता. मी तिला विचारलं, "पोरी, तुला भ्या वाटलं न्हाई?"

"तुम्ही आज पहिल्यांदा ऐकलं, काका," ती म्हणाली. "मी घरात रोज ऐकते."