काकांचा चालू कॉम्प्युटर

हसू नका, पण आमच्या शेजारच्या काकांनी घरचा कॉम्प्युटर कधी बंदच केला नाही. आयुष्य पोलाद कारखान्यात, कोळसा भाजून कोक करणाऱ्या भट्टीवर, म्हणजे कोक ओव्हनवर गेलेलं. भट्टी थंड पडली की तडकते, हेच डोक्यात. त्यामुळे बंद करून पुन्हा चालू केल्यावरच बसणारं एकही अपडेट बसलं नाही. काका वारल्यावरही काकूंनी तो तसाच चालू ठेवला.

मी बाहेरून शिकून आले, ती सगळ्यांचे कॉम्प्युटर सुरक्षित करायच्या जिद्दीनं. काकूंकडचा तपासून पाहिला, तर त्यात कोणीतरी शिरून बँकेची खोटी वेबसाइट चालवत होतं.

“काकू, यावरून लोकांना लुटताहेत.”

“आमच्या घरातून?”

त्यांनी स्वतःच बटण दाबलं. पंख्याची घरघर थांबली.

“आवाज येत होता तवर वाटे, ते आतमंदी बसून काम करून राहिले,” काकू म्हणाल्या. “आता मी एकटीच, पोरी.”