अधांतरी घोडी

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर वेडंवाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, त्याची माफी असावी. तसं हे कोणाला दाखवायचं नाहीच. आमच्या घरचे गिटार पुसायला बसले की बोलत सुटतात. ते बोलत गेले, मी लिहीत गेले. इथून पुढे बोलणं त्यांचं.

आमी कोष्टी. बापाचा माग घरातच, त्याची खटखट ऐकतच मोठा झालो, पण मागावर बसलो की पाय थांबत नव्हते माहे, काय सांगू तुले, बाप म्हणे, तुह्या अंगात भोवरा हाय का गा? मंग ऑर्केस्ट्रा पार्टीत लागलो. आधी सामान उचललं, मंग गिटार शिकलो. सदर बाजारातल्या एका दुकानात जुनी बिजलीची गिटार टांगली होती, तिले हँडल. हँडल दाबलं की सूर पाण्यावानी लहरे. तुह्या भावाकडून उसने पैसे घेऊन आणली. तो म्हणे, जवाईबापू, पैसे बुडाले तर गिटार माह्या घरी, कपडे वाळवाले टांगीन. हसू नको वं, हे बी लिही.

आता त्या गिटारीची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती, लाकडाले पक्की नसते. समोरून तारा ओढतात, पोटातून स्प्रिंगा ओढतात, अन् ती मधात अधांतरी. म्हणून तर हँडल हलते.

पार्टीत एक हवाईन गिटारवाला होता, मांडीवर आडवी घेऊन तारांवर लोखंडी कांडी फिरवून धून वाजवे, लोक त्याच्यासाठीच येत. तो नोकरीवर गेला गाव सोडून. मालक वानखेडेभाऊ म्हणे, धून आता तू वाजव. त्या धुनेसाठी काही तारा ढिल्या करून सुरात खाली उतरवा लागतात, बाकीच्या तशाच. मी म्हटलं, त्यात काय, आमी धाग्यातले लोक. मागावर एक धागा ढिला झाला तर तेवढाच कसाचा, दुसरे जागच्या जागी. घरी करून पाह्यलंच नाही.

गणपतीच्या कार्यक्रमात स्टेजवर एक तार उतरवली, तर बाकीच्या चढल्या. त्या उतरवल्या, तर पहिली चढली. स्प्रिंगा घोडीले मागं ओढून राहिल्या अन् मी तारांच्या मागं धावून राहिलो. निवेदकाचे सारे चुटकुले संपले. खालून एक जण ओरडला, ओ भाऊ, वाजवता का लुगडं विणता? सारा मंडप हसला. तू बायांत बसली होती, पदर तोंडावर घेतला तू. मालक म्हणे, कोजागिरीले आखरी मौका, मंग मी दुसरा पाहीन.

घरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरून राहिलो. बाप म्हणे, काहून फिरतो गा? म्हटलं, घोडी हलते. म्हणे, हलते तर हलू नको देऊ. राग आला मले. हलते म्हणून तर घेतली होती! पण पार्टी सुटली तर हप्ता सुटला, अन् गिटार तुह्या भावाच्या दोरीवर. शेवटी कोपऱ्यातला धोटा उचलला, आडवा धागा नेते तो, कापून दोन पाचरी केल्या, गिटारीचं मागचं झाकण खोलून घोडीच्या दोन्हीकडून ठोकल्या. हँडल मेलं. मागून बाप ओरडला, अरे तुटका धोटा दुसरा हाय गा, हा चालता होता!

कोजागिरीले तारा उतरवल्या, बाकीच्या जाग्यावर राहिल्या. लोकांनी दुधाचे गिलास हातात धरून धून परत वाजवाले लावली. मी वाजवली. पण हात सारखा हँडलकडे जाये अन् वापस ये.

मंग लग्नं, गणपती, तेच. कार्यक्रम झाला की पैसे तुह्या भावाले. पुढं मालकानं धुनेसाठी पक्क्या घोडीची साधी गिटार आणली, तरी पाचरी मी काढल्या नाही. पैसे फिटले नव्हते, गिटार अजून अर्धी तुह्या भावाची.

परवा त्याच्या घरी शेवटचे पैसे द्याले गेलो तर गिटार खांद्यावरच. त्यानं नोटा मोजल्या. तिथंच अंगणात झाकण खोललं, पाचरी उपटल्या, हँडल दाबलं. सारं बेसूर, पण लहरलं वं! तुहा भाऊ म्हणे, बिघडली का? मी पाचरी त्याच्या हातावर ठेवल्या. म्हणे, हे कायचं लाकूड? म्हटलं, मुद्दल पुरं झालं नं, हे व्याज.

तो हसला. म्हणे, फिटलं जवाईबापू, पुरं फिटलं.