उभी की आडवी

दोंडाईच्याहून धुळ्याची बस सुटली, तसं कुंदाबाईंच्या मागच्या सीटवर इंजिनिअरिंगच्या मयुरीचं आणि हाशम टेलरचं बोलणं सुरू झालं.

"चाचा, ही पट्टी टेबलावर सपाट असली की नाडीचे ठोके मोबाइलला बरोबर पाठवते. दंडाला गुंडाळली की मुकी होते. बारा वाजता परीक्षक येणार आहेत."

"आतली तार तुटत असेल."

"तार नाहीच. अँटेना कापडाच्या तुकड्यावर कार्बनच्या शाईनं छापलीय आणि तो तुकडा पट्टीवर शिवलाय. वाकली की तिची फ्रिक्वेन्सी सरकते."

"लांबीत वाकते की रुंदीत?"

"गुंडाळल्यावर लांबीतच."

"मग तुकड्याची लांबी दंडाभोवती आडवी कशाला? दंडाला समांतर, उभी धर. चाळीस वर्षं बाह्या शिवतोय, पोरी. कापड कोणत्या अंगानं वाकवायचं ते मला विचार."

"म्हणजे फक्त रुंदी वाकेल... आणि फ्रिक्वेन्सी तर लांबीवर ठरते! चाचा, मला कसं सुचलं नाही?"

"तुकडा उसव आधी. सुईदोरा माझ्या खिशातच असतो."

चिमठाणं येईपर्यंत टाके घालून झाले.

"आता बांधायची कुणाला, पोरी? माझा दंड म्हणजे नुसतं हाड."

कुंदाबाईंना राहवेना. त्या मागे वळल्या आणि बाही सारून त्यांनी दंड पुढे केला.

"मना दंडले बांध, बेटा."

मयुरीनं पट्टी बांधली आणि मोबाइल पाहिला.

"चाचा, आले ठोके! आजी, हात वाकवा... अजून येतायत! पण जरा जोरात पडतायत हो."

"पडतीनच! मनी नातले पोर व्हयनी शे, मनी पणती! तिलेच देखाले जास ना मी."